नंबर लागला, पण जागा मिळाली का?



जून-जुलै महिना आला की आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न ऐकू येतो. नळावर, विहारात, मोंढ्यातल्या हमालांच्या पारावर, एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईच्या तोंडी. ‘नंबर लागला का?’ पूर्वी बारावीनंतरच्या प्रवेशाची यादी कॉलेजच्या फळ्यावर चिकटवलेली असे. बाप कामावर खाडा करून लातूरला किंवा नांदेडला जाई आणि गर्दीत मान उंच करून लेकराचे नाव शोधी. आता यादी मोबाइलवर येते, तीही कधी रात्री अकराला. फळा गेला, धडधड मात्र तीच राहिली.

या स्तंभात आज या यादीविषयीच लिहायचे आहे. अभ्यास कसा करावा हे सांगणारे पुष्कळ आहेत. लातूर तर त्यासाठी देशभर गाजले. यादी लागल्यानंतरच्या आठ-दहा दिवसांत काय करावे, हे मात्र आपल्या घरांत कोणी सांगत नाही, कारण सांगणाऱ्यालाही ते कोणी सांगितलेले नसते. नंबर लागणे आणि जागा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या वाटेवर चार कागद, काही हजार रुपये आणि घड्याळाचा काटा उभा असतो. ज्यांच्या घरी आधी कोणी डॉक्टर-इंजिनियर झालेले आहे त्यांना ही वाट पाठ असते. आपली लेकरे गुणांत पास होतात आणि या वाटेवर अडखळतात. म्हणून हा विषय.

सतरा हजार पाचशे रुपयांची गोष्ट

उत्तर प्रदेशात मुजफ्फरनगर जिल्ह्यात तितोरा नावाचे गाव आहे. तिथल्या अतुल कुमार या दलित मुलाचे वडील रोजंदारीवर काम करतात आणि घर दारिद्र्यरेषेखालचे आहे. या मुलाने २०२४ साली जेईई अॅडव्हान्स्ड ही परीक्षा दिली. ही परीक्षा लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते आणि त्याची ती दुसरी, म्हणजे शेवटची खेप होती. मुलगा पास झाला. धनबादच्या आयआयटीत इलेक्ट्रिकल इंजिनियरिंगला त्याचा नंबर लागला. देशातले लाखो विद्यार्थी ज्या दारापर्यंत पोचत नाहीत ते दार त्याच्यासाठी उघडले.

जागा राखून ठेवण्यासाठी १७,५०० रुपये भरायचे होते. शेवटची वेळ होती २४ जून, सायंकाळी ५ वाजता. घरात पैसे नव्हते. वडिलांनी गावात हात पसरला, लोकांनी दिले, आणि पावणेपाचच्या सुमाराला रक्कम जमली. संगणकासमोर बसून माहिती भरेपर्यंत पाच वाजले आणि पोर्टल बंद झाले. जागा गेली.

त्या घराने हाय खाल्ली नाही. अनुसूचित जाती आयोग, झारखंडचे उच्च न्यायालय, मद्रासचे उच्च न्यायालय अशी दारे वाजवत ते सर्वोच्च न्यायालयात पोचले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने घटनेच्या १४२ व्या कलमाखालचा विशेष अधिकार वापरून मुलाला धनबादलाच प्रवेश देण्याचा हुकूम केला. दुसऱ्या कोणाची जागा न काढता, एक जादा जागा निर्माण करून. बाबासाहेबांच्या घटनेतले कलम एका मजुराच्या पोराच्या कामी आले, याचा आनंद आहेच.

हे काही पहिल्यांदा घडले नव्हते. आपल्याच महाराष्ट्रात, मुंबईच्या आयआयटीत, २०२१ साली असेच झाले होते. प्रिन्स जयबीर सिंग या दलित विद्यार्थ्याला तिथे सिव्हिल इंजिनियरिंगची जागा मिळाली होती. आधी पैसे कमी पडले. मग बहिणीने पैसे पाठवले, तर ऑनलाइन भरणा होईना. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केले, सायबर कॅफे गाठला, तरी मुदत टळली. मुंबई उच्च न्यायालयात दाद लागली नाही. शेवटी २२ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४८ तासांत जागा देण्यास सांगितले, तेव्हा तो आत गेला.

आता विचार करा. ही दोन मुले दिल्लीपर्यंत पोचली, म्हणून त्यांची नावे आपल्याला कळली. जी पोचली नाहीत ती किती असतील? ज्यांच्या बापाने ‘जाऊ दे लेकरा, आपल्या नशिबात नव्हतं’ असे म्हणून पोराला बी.एस्सी.ला घातले, त्यांची गणती कोण ठेवतो? सर्वोच्च न्यायालय हे शेवटचे दार आहे. प्रत्येक वर्षी, प्रत्येक लेकरासाठी ते वाजवता येणार नाही. वेळ येऊच नये, अशी तयारी आपल्या हातात आहे.

बाबासाहेबांनाही पैशापायी परतावे लागले

विद्यापीठात प्रवेश मिळूनही पैशापायी शिक्षण तुटते, हे दुःख बाबासाहेबांनी स्वतः भोगले आहे. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या सरकारने त्यांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली आणि जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. शिकून आल्यावर बडोदा सरकारची दहा वर्षे नोकरी करायची, अशी त्या करारात अट होती.

१९१६ साली ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले, अभ्यास सुरू झाला, आणि शिष्यवृत्तीची मुदत संपली. १९१७ साली शिक्षण अर्धवट टाकून त्यांना मायदेशी यावे लागले. त्या विद्यापीठाने मात्र ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा त्यांना दिली होती. बाबासाहेबांनी ती मुदत डोळ्यांसमोर ठेवली. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. १९२० साली ते लंडनला परतले आणि मुदतीच्या आत अभ्यास पुन्हा धरला. पुढे १९२१ ला एम.एस्सी., १९२३ ला डी.एस्सी. आणि त्याच सुमारास बॅरिस्टरी.

यातून घेण्यासारख्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे त्या काळी विद्यापीठ चार वर्षे थांबले, आजचे पोर्टल पाच वाजून एक मिनिटही थांबत नाही. आणि दुसरी अशी की बाबासाहेबांची बुद्धी अफाट होती, तरी पैसा जमवताना बचत, मदत आणि उसनवारी तिन्ही लागली. मग आपल्या घरातल्या पोराला ‘तू हुशार आहेस, तुझे तू बघ’ असे सांगून कसे चालेल?

आपल्याकडचा हिशेब

आता नांदेड-लातूरकडे येऊ. मी कारकुनी करणारा माणूस, म्हणून आकड्यांत बोलतो.

नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली सुरू झाले. लातूरची शासकीय वैद्यकीय संस्था २००२ ची, आज ती विलासराव देशमुखांच्या नावाने ओळखली जाते. समजा, एका शासकीय महाविद्यालयात एमबीबीएसच्या १५० जागा आहेत. त्यांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवरच्या यादीतून भरतात. उरतात साधारण १२७. राज्यात अनुसूचित जातींना १३ टक्के आरक्षण आहे. म्हणजे आपल्या वाट्याला ढोबळमानाने १६-१७ जागा, आणि त्यांवर हक्क सांगणारी मुले साऱ्या महाराष्ट्रातली. २०२४ साली देशात २३ लाखांवर मुलांनी नीट ही परीक्षा दिली, तेव्हा एमबीबीएसच्या जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या.

मराठवाड्यावर पूर्वी आणखी एक गाठ होती. राज्याच्या ७० टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, असा नियम होता. आपल्या विभागात कॉलेजे कमी, म्हणून आपल्या मुलांना चांगले गुण असूनही बाहेर जागा मिळत नसे. सप्टेंबर २०२० मध्ये हा ७०-३० चा नियम रद्द झाला. आता यादी सगळ्या राज्याची एक आहे. म्हणजे स्पर्धाही सगळ्या राज्याची आणि संधीही सगळ्या राज्याची. नांदेडच्या मुलीचा नंबर कोल्हापूरला लागू शकतो. तो लागला तर दोन दिवसांत कोल्हापूर गाठून कागद दाखवता आले पाहिजेत. ‘एवढ्या लांब पोरीला कसं पाठवायचं?’ हा विचार यादी लागल्यावर नव्हे, कॉलेजांचा पसंतीक्रम भरतानाच घरात बसून करायचा असतो. आईला त्या बैठकीत बसवा. शेवटी पोरीच्या पाठीशी उभी राहणार ती आईच.

चार कागद

यादी लागल्यावर कागद काढायला निघालेला माणूस हमखास रडतो. कागद अकरावीत काढायचे असतात. मुख्य चार आहेत.

पहिला जातीचा दाखला. इथे आपल्या बौद्ध कुटुंबांनी विशेष लक्ष द्यावे. १९५६ ला धम्मदीक्षा घेतल्यापासून केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या. १९९० साली संसदेने कायदा दुरुस्त केला आणि बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या लोकांना केंद्रातही हक्क मिळाला. परंतु राज्याचा दाखला वेगळ्या नमुन्यातला आणि केंद्राचा वेगळ्या नमुन्यातला असतो. आयआयटी, एम्स किंवा देशपातळीवरच्या वैद्यकीय जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला मागतात, आणि तो इंग्रजी किंवा हिंदीत हवा असतो. राज्याचा मराठी दाखला तिथे अडू शकतो. म्हणून तहसीलमध्ये अर्ज करताना दोन्ही नमुन्यांतले दाखले मागून घ्या. नाव, आडनाव, वडिलांचे नाव यांतले एक अक्षरही दहावीच्या सनदेपेक्षा वेगळे असू नये.

दुसरा जात पडताळणीचा, ज्याला सारे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. २००१ च्या कायद्याने ही पडताळणी आली. राज्याच्या यादीतून राखीव जागेवर प्रवेश घेताना ती मागतात. विज्ञान शाखेच्या मुलांना अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज करता येतो. अडचण असते ती जुन्या पुराव्याची. १० ऑगस्ट १९५० पूर्वीची नोंद दाखवा, असे सांगतात. आपला आजा-पणजा शाळेत गेलेला नसतो. गेला असेल तर निजामाच्या राज्यातली नोंद उर्दूत किंवा मोडीत असते. कुठे ‘महार’ लिहिलेले, कुठे ‘नवबौद्ध’, कुठे नुसते ‘बौद्ध’. अशा वेळी हाडकी-हाडोळ्याच्या इनाम जमिनीचा उतारा, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतली नोंद, चुलत्याची शाळा सोडल्याची टी.सी. असे काही शोधावे लागते. वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधी व्हॅलिडिटी मिळालेली असेल तर काम पुष्कळ हलके होते. भावकीत अबोला असेल तर तो या कामापुरता तरी मोडा.

आमच्या ओळखीतल्या धुणीभांडी करणाऱ्या एका बाईच्या मुलीची गोष्ट सांगतो. नंबर लागला, हातात व्हॅलिडिटीच्या अर्जाची नुसती पावती. आजोबांची नोंद गावच्या शाळेत मिळेना. चुलत आजोबांची शेजारच्या गावात असल्याचे एका म्हाताऱ्याने सांगितले. तीन आठवडे मायलेकी एस.टी.ने हिंडल्या. त्या वर्षी सरकारने कागद देण्याची मुदत वाढवली, म्हणून ती मुलगी वाचली. कागद हातात पडला तेव्हा वाढीव मुदतीचे दोन दिवस उरले होते. ती माय मला म्हणाली, ‘भाऊ, पोरीनं दोन वर्षं अभ्यास केला त्याची मला भीती नव्हती वाटली. या तीन आठवड्यांनी माझे केस पिकवले.’ सरकारच्या मुदतवाढीवर लेकराचे आयुष्य टांगून ठेवू नये, एवढाच याचा धडा.

तिसरा, वय-अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला, म्हणजे डोमिसाइल. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर कर्नाटक-तेलंगणात जाणाऱ्या कुटुंबांनी याकडे लक्ष द्यावे. मूल काही वर्षे तिकडच्या शाळेत शिकलेले असेल तर प्रश्न विचारले जातात. प्रत्येक शाळेची टी.सी. जपून ठेवा.

चौथा, तहसीलदाराचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्याच्या वर उत्पन्न असेल तर अनुसूचित जातींच्या मुलांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क माफीची, म्हणजे फ्रीशिपची, योजना आहे. दोन्हींचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. ‘नॉन-क्रीमीलेअर काढा’ असे कोणी सांगितले तर त्याच्या नादी लागू नका. तो इतर मागासवर्गीयांचा कागद आहे, आपला नव्हे.

या चारही कागदांच्या मूळ प्रती एका प्लास्टिकच्या पिशवीत, पाच-पाच झेरॉक्स दुसऱ्या पिशवीत, आणि फोटो मोबाइलमध्ये. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात कागद भिजतात, हे लक्षात ठेवून ती पिशवी पेटीत ठेवा.

पैशाची जुळवाजुळव

शिष्यवृत्ती असली तरी ती नंतर येते. पहिल्या दिवशी खिशात पैसे लागतात. जागा राखण्याची रक्कम, अनामत, वसतिगृहाचे पैसे, प्रवासभाडे, एक गादी, एक बादली. अतुल कुमारच्या बापाला शेवटच्या दुपारी गावात फिरावे लागले. गावाने दिलेही. गावाची दानत कमी पडली नाही, वेळ कमी पडला.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. विहारात ‘प्रवेश निधी’ काढा. ६० घरांच्या वस्तीने घरटी महिना ५० रुपये दिले तर महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० होतात. १७,५०० रुपये दोन लेकरांना देऊनही हजार रुपये उरतात. हे दान नव्हे, बिनव्याजी उसने आहे असे आधीच ठरवा. शिष्यवृत्ती जमा झाली किंवा नोकरी लागली की परत करायचे. खाते बँकेत दोघांच्या सहीचे, त्यांतली एक सही महिलेची. दर पौर्णिमेला जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवायचा. हिशेब उघडा असला की संशय येत नाही, आणि संशय नसला की निधी टिकतो. जयंतीला आपण मंडप-डॉल्बीवर किती खर्च करतो तो आकडा मी इथे लिहीत नाही. तो तुमच्या मंडळाच्या वहीत आहे, काढून बघा.

पैसे भरतानाही शहाणपण लागते. बँकेची एका दिवसात किती रक्कम पाठवता येईल याची मर्यादा ठरलेली असते. ती आधी विचारून ठेवा. भरणा शेवटच्या दिवशी न करता पहिल्याच दिवशी सकाळी करा. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर पडद्याचा फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि मदत क्रमांकावर व ई-मेलवर त्याच क्षणी तक्रार करा. प्रिन्स सिंगच्या बाजूने बोलले ते त्याने पुन्हा पुन्हा केलेल्या प्रयत्नांचे पुरावेच. लेखी तक्रार नसलेल्या माणसाला कोर्टही काय देणार?

वसतिगृह मिळाले नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. तीत भोजन-निवासासाठी मुलाच्या खात्यावर रक्कम येते. मोठ्या शहराला जास्त, लहान शहराला कमी असे दर आहेत. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सामाजिक न्याय भवन आहे. तिथे जाऊन चालू वर्षाचे दर आणि तारखा विचारा. लाजू नका. तो तुमचा हक्क आहे.

दलालापासून सावध

यादीच्या दिवसांत आणखी एक माणूस दारात येतो. पांढरा शर्ट, दोन मोबाइल. ‘गुण कमी आहेत का? काळजी करू नका, एवढे द्या, जागा पक्की.’ २०२४ साली नीटच्या पेपरफुटीचे प्रकरण देशभर गाजले. त्यात लातूरमध्येही गुन्हा नोंदला गेला आणि तपास सीबीआयकडे गेला. कोर्टात जे सिद्ध व्हायचे ते होईल. आपण एवढेच समजावे की जो माणूस रोख पैसे मागतो आणि पावती देत नाही, तो जागा विकत नसतो, तुमची भीती विकत घेत असतो. शेत विकून, डोरलं मोडून अशा माणसाला पैसे देऊ नका.

मॅनेजमेंट कोट्याचेही नीट समजून घ्या. सरकारी फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून, मिळालेल्या जागेला शिष्यवृत्ती व फ्रीशिप लागते. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला ती लागत नाही. ‘आधी प्रवेश घ्या, स्कॉलरशिप नंतर बघू’ असे सांगणाऱ्याला आधी हे लेखी द्यायला सांगा. तो लिहून देणार नाही. तसेच पहिल्या फेरीत मिळालेली जागा धरून ठेवायची, की पुढच्या फेरीत चांगली मिळण्याची वाट पाहायची, याचे नियम प्रत्येक प्रवेशाला वेगळे असतात आणि दरवर्षी बदलू शकतात. माहितीपुस्तिका पूर्ण वाचा. आपल्याला समजली नाही तर वस्तीतल्या कोणा शिक्षकाला, बँकेतल्या माणसाला किंवा मागच्या वर्षी प्रवेश झालेल्या मुलाला घेऊन बसा. एका फेरीत चुकीचे बटन दाबले तर हातची जागा जाते आणि पुढचीही मिळत नाही.

नंबर लागला नाही तर

आता शेवटचे, पण सगळ्यांत जपून सांगायचे. वर २३ लाख आणि एक लाख हे आकडे दिले. म्हणजे बहुतेक घरांत यादी बघून शांतता पसरणार आहे. त्या संध्याकाळी घरात काय बोलले जाते, यावर त्या लेकराचे पुढचे आयुष्य ठरते.

‘तुझ्यापायी मी किती पोती उचलली’ हे वाक्य खरे असले तरी त्या दिवशी बोलू नका. शेजारच्याच्या मुलाचे गुण सांगू नका. जेवायला बोलवा, जवळ बसा, झोपेपर्यंत एकटे सोडू नका. पाहुण्यांचे फोन दोन दिवस तुम्हीच उचला. मूल गप्प गप्प राहू लागले, जेवेना, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ‘नाटक करतो’ म्हणू नका. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येते. तिथे फोन करा आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा.

आणि वाटा काही संपत नाहीत. नर्सिंग, फार्मसी, कृषी, पशुवैद्यकीय, कायदा, वाणिज्य या शाखा आहेत. मी बी.कॉम. झालो, आणि त्या शिक्षणावर घर चालले, समाजाचे कामही करता आले. १९५० साली बाबासाहेबांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालय काढले ते मराठवाड्यातल्या आपल्यासारख्यांच्या लेकरांना उच्च शिक्षणाचे दार कुठेतरी उघडे मिळावे म्हणून. एक यादी म्हणजे काही सगळे शिक्षण नव्हे.

तेव्हा या आठवड्यात एवढे करा. घरात अकरावी-बारावीचे मूल असेल तर रविवारी चारही कागद जमिनीवर मांडा. कोणता आहे, कोणता नाही, ते वहीत लिहा. विहारात गेल्यावर प्रवेश निधीचा विषय काढा. आणि शेजारच्या घरी नंबर लागला असेल तर पेढा खाऊन थांबू नका. ‘पैसे भरलेत का? कागद पुरे आहेत का? मी सोबत येऊ का?’ एवढे तीन प्रश्न विचारून या.

जयभीम!